फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या खेड्यात राहायला येताय? आधी भाषेचं ठरवा

फिनलंडला जायचं ठरलं की आपली माणसं पहिलं काय करतात, तर मोबाइलवर फिनिश शिकायचं ॲप टाकतात. चांगलंय, पण जरा थांबा. तुमची नोकरी वासा शहरात असेल आणि घर तुम्ही शहराबाहेर, मालाक्स, कोर्सनेस, व्योरो अशा कुठल्यातरी म्युनिसिपाल्टीत बघत असाल, तर तिथं दुकानात, शाळेत, शेजारच्या अंगणात तुम्हाला ऐकू येणार स्वीडिश. देश फिनलंडच, पासपोर्ट फिनलंडचा, टॅक्स फिनलंडला, फक्त गाव स्वीडिश बोलतं. हे माहीत नसताना आलेली मंडळी पहिले सहा महिने नुसती गोंधळलेली असतात, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतेय. उदाहरण मालाक्सचं घेते, कारण रोजचा संबंध त्याच भागाशी येतो, पण आजूबाजूच्या म्युनिसिपाल्ट्यांना पण नव्वद टक्के हेच लागू.

आधी जागा काय आहे ते बघा

मालाक्स वासाच्या दक्षिणेला साधारण २५ किलोमीटरवर, समुद्राच्या कडेकडेनं पसरलेलं. मालाक्स, पेतालाक्स आणि बेरयो अशा तीन म्युनिसिपाल्ट्या १९७३ मध्ये एकत्र करून आत्ताची झाली, लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास, त्यातले पाचातले चार जण तरी घरात स्वीडिश बोलणारे. अख्ख्या फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे जेमतेम पाच टक्के, पण ते पसरलेले नाहीत, किनाऱ्याच्या पट्ट्यात एकवटलेत, त्यामुळे देशात अल्पसंख्य आणि गावात बहुसंख्य असा प्रकार आहे. १८०९ पर्यंत फिनलंड हा स्वीडनच्याच राज्याचा भाग होता हे लक्षात ठेवलं की हे सगळं विचित्र वाटत नाही.

ही म्युनिसिपाल्टी कागदोपत्री दुभाषिक आहे. नियम असा की दुसऱ्या भाषेचे लोक ८ टक्के किंवा ३००० झाले की म्युनिसिपाल्टी दुभाषिक, आणि मग तो आकडा ६ टक्क्यांच्या खाली गेला तरच एकभाषिक. दर दहा वर्षांनी सरकार आकडे बघून यादी काढतं. म्युनिसिपाल्टीनं स्वतः मागितलं तर आकडा कमी असूनही दुभाषिक राहता येतं. कोर्सनेसमध्ये फिनिश बोलणारे अगदी थोडे आहेत तरी ते आज दुभाषिकच आहे. आपल्यातल्या बेळगाव, निपाणीकडच्या लोकांना पाट्यांचं राजकारण काय असतं ते सांगायला नको, तर इथं पाटीवर जी भाषा जास्त लोकांची ती वर आणि दुसरी खाली, बास. मालाक्समध्ये शिरताना वर मालाक्स, खाली मालाहती. वासाकडे परत निघालात की वर वासाचं फिनिश स्पेलिंग, खाली स्वीडिश. याचा रोजच्या जगण्यात उपयोग म्हणजे एकाच गावाला, एकाच रस्त्याला दोन-दोन नावं असतात. जीपीएस एक सांगतो, भाड्याच्या करारावर दुसरं असतं. घर घेतलं की पहिल्याच दिवशी दोन्ही नावं मोबाइलमध्ये लिहून ठेवा, पार्सलवाल्याशी फोनवर बोलताना वेळ वाचतो.

पहिलं काम: भाषा ठरवा, आणि ती घरात बसून ठरवा

हे मी मुद्दाम सगळ्यात वर घेतलंय, राहण्याच्या परमिटच्या पण आधी. कारण इथं आल्यावर फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो, मातृभाषा कोणती. तिथं बिनधास्त मराठी लिहा. त्याच्याच खाली विचारतात कॉन्टॅक्ट लँग्वेज कोणती, फिनिश की स्वीडिश. रांगेत उभं राहून, मागं पोरगं रडतंय, अशा वेळी लोक काहीतरी टिक करून मोकळे होतात, आणि मग टॅक्सवाल्यांपासून सगळ्या सरकारी ऑफिसांची पत्रं त्या भाषेत यायला लागतात. नंतर बदलता येतं, पण कोण बदलतं.

मग कोणती घ्यायची? माझं मत स्पष्ट आहे. तुमची पोरं गावातल्या पाळणाघरात, शाळेत जाणार असतील आणि तुम्ही चार-पाच वर्षं तरी इथंच राहायचं म्हणताय, तर स्वीडिश. ज्याला इंग्रजी येतं त्याला स्वीडिश फिनिशपेक्षा पुष्कळ लवकर जमतं, शब्द ओळखीचे वाटतात, वाक्याची ठेवण पण फार लांबची नाही. पण नवरा-बायकोपैकी एकाला हेलसिंकी, टाम्परेकडे नोकरी शोधायची आहे किंवा दोन वर्षांनी तिकडे सरकायचं डोक्यात आहे, तर फिनिशच शिका, तिकडे स्वीडिशवर नोकरी मिळणं अवघड. दोघांनी दोन भाषा वाटून घेतलेली घरं पण आहेत आणि ती आयडिया वाईट नाही. फक्त एकाच माणसानं दोन्ही एकदम सुरू करू नका, काही हाती लागत नाही. आणि इंग्रजीवर भागेल का? वासातल्या इंजिन आणि वीज-यंत्रांच्या कंपन्यांमध्ये ऑफिसात हो, भागतं. ऑफिसची भाषाच बऱ्याच ठिकाणी इंग्रजी असते. गावात पण लोक इंग्रजीत उत्तर देतात, अडवत कोणी नाही, पण मीटिंग, नोटीस, पालकांचा ग्रुप, कॉफीच्या टेबलावरच्या गप्पा, सगळं स्वीडिशमध्ये चालू राहतं आणि तुम्ही हसत बसता.

नागरिकत्वासाठी पण दोन्हीपैकी कोणतीही एक चालते, भाषा परीक्षेची तिसरी पातळी लागते. स्वीडिशची परीक्षा फिनिशपेक्षा कमी वेळा होते, तेव्हा तारीख आधीपासून बघून ठेवायची. राहण्याची अट ऑक्टोबर २०२४ पासून पाचावरून आठ वर्षांवर गेलीय, म्हणजे घाई नाही, पण म्हणून आठवं वर्ष उजाडेपर्यंत बसू पण नका. परमिटचे नियम अलीकडे कडक होत चाललेत, त्यामुळे आकडे दरवेळी इमिग्रेशन खात्याच्या म्हणजे मिग्रीच्या साइटवरच तपासा, ओळखीच्या माणसाचं तीन वर्षांपूर्वीचं ज्ञान कामाचं नाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. क्लासमध्ये शिकवतात ते पुस्तकी स्वीडिश आणि गावात बोलतात ती बोली, आणि ही बोली दर पंधरा-वीस किलोमीटरवर बदलते. याच पट्ट्यातल्या नेर्पेस गावची बोली तर हेलसिंकीच्या स्वीडिशवाल्यांना पण कळत नाही म्हणतात. घाबरू नका, तुमच्याशी बोलताना लोक आपणहून पुस्तकी भाषेवर येतात, आपापसात परत बोलीवर. कान तयार करायचा असेल तर गाडीत रेडिओवर यूले वेगा लावून ठेवा, ऑस्टरबॉटन म्हणजे या आपल्या प्रांताच्या बातम्या असतात, माणसं अगदी गावच्या उच्चारात बोलतात.

निघायच्या आधी

परमिटचा अर्ज एंटर फिनलंड या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, मग बोटांचे ठसे आणि ओरिजिनल कागद दाखवायला व्हीएफएस म्हणजे व्हिसा अर्ज केंद्रात जायचं, मुंबईत सोय आहे. लग्नाचा दाखला आणि पोरांचे जन्मदाखले इंग्रजीत काढून घ्या आणि त्यावर कोणतं अटेस्टेशन लागतं ते फिनलंडच्या लोकसंख्या नोंदणीवाल्यांच्या साइटवर देशानुसार दिलेलं असतं ते वाचून, भारतात असतानाच करून घ्या. फिनलंडहून परत मामाला फोन करून नगरपालिकेत पाठवायचं आणि कागद कुरिअरनं मागवायचे, यात महिने जातात. पोरांचे लसीकरणाचे कागद पण घ्या, ते विचारतातच.

सामानात थर्मल आणि जाड जॅकेट भारतातून विकत घेऊन येऊ नका. इकडे येऊन घ्या, सेकंडहँड घ्या. या भागात लोप्पिस म्हणजे जुन्या वस्तूंचे बाजार गावोगावी असतात, पोरांचे बर्फातले ओव्हरऑल, स्की, सायकली, कपबश्या सगळं चकाचक आणि अर्ध्याहून कमी किमतीत. पोरांचा ओव्हरऑल एका वर्षात आखूड होतो, नवीन घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

पोचल्यावरचे कागद

क्रम महत्त्वाचा. आधी लोकसंख्या नोंदणी, ते ऑफिस वासात आहे, अपॉइंटमेंट घेऊन सगळ्या कुटुंबानं पासपोर्ट आणि दाखले घेऊन जायचं. तिथं पत्ता आणि म्युनिसिपाल्टी नोंदली जाते, आणि ही म्युनिसिपाल्टीची नोंद झाली की दवाखाना, पाळणाघर, शाळा सगळं उघडतं. पर्सनल नंबर, म्हणजे इथला ओळख क्रमांक, परमिटबरोबरच मिळाला असेल तर उत्तम. मग टॅक्स कार्ड, ते नसेल तर पगारातून जबरी टॅक्स कापतात. मग बँक. बँकेत खातं लवकर निघतं पण ऑनलाइन लॉगिनचे कोड मिळायला वेळ लागतो, आणि इथं त्या कोडशिवाय तुम्ही कुठल्याच सरकारी साइटवर आत जाऊ शकत नाही, तेव्हा पाठपुरावा करत राहा, लाजू नका.

नावांनी गोंधळ होतो म्हणून सांगते. सोशल सिक्युरिटीवाल्यांना सगळे केला म्हणतात, पण तुम्ही स्वीडिश निवडलीत तर पत्रावर एफपीए असं असतं. ऑफिस तेच. टॅक्सवाले फिनिशमध्ये वेरो, स्वीडिशमध्ये स्कात्त. लोकसंख्या नोंदणीचं फिनिश नाव डीव्हीव्ही, स्वीडिश एमडीबी. ही तिन्ही जोड्या फ्रिजवर लावून ठेवा, नाहीतर महत्त्वाचं पत्र जाहिरात समजून कचऱ्यात जाईल.

नोकरी शोधणाऱ्या जोडीदारासाठी: रोजगार सेवा १ जानेवारी २०२५ पासून म्युनिसिपाल्ट्यांकडे आलीय, छोट्या म्युनिसिपाल्ट्या शेजाऱ्यांबरोबर मिळून चालवतात. तिथं नाव नोंदवलं की भाषेच्या कोर्ससकट एक प्लॅन करून मिळतो. संध्याकाळचे स्वस्त क्लास हवे असतील तर मेदबोर्यारइन्स्तितूत नावाचं प्रौढांचं शिक्षण केंद्र शोधा, भाषेपासून विणकाम, सुतारकाम, सगळं शिकवतात. भाषेचा क्लास भरला असेल तर विणकामाला जा, खरं सांगते, बायकांबरोबर दोन तास सुया चालवताना जितकं बोलणं होतं तितकं क्लासमध्ये होत नाही.

घर, वीज, रस्ता

शहरातल्या फ्लॅटच्या भाड्यात इथं अंगणासकट घर मिळतं, हे खरंय. पण घर बघायला गेलात की भिंतीचा रंग बघू नका, हीटिंग कशावर आहे ते विचारा. नुसत्या विजेच्या हीटरवर असलेलं जुनं लाकडी घर जानेवारीत घाम फोडतं. जमिनीतून उष्णता घेणारा पंप असेल तर बिल आवाक्यात. लाकडाची शेकोटी असेल तर बोनस, पण मग वर्षातून एकदा धुराडं साफ करणारा माणूस बोलवावा लागतो, ते ऐच्छिक नाही. विजेचे पैसे दोन ठिकाणी जातात, एक तारांच्या कंपनीला, ती बदलता येत नाही, आणि एक वीज विकणाऱ्याला, तो तुम्ही निवडायचा. दिवसभरात दर बदलत राहणारा करार घ्यायचा असेल तर आधी एक हिवाळा काढा, मग ठरवा.

आणि रस्ता. घरापर्यंतचा शेवटचा तुकडा बऱ्याचदा खासगी असतो, त्या रस्त्यावरच्या घरांची मिळून एक मंडळी असते, वेगलाग म्हणतात, ती वर्गणी काढून बर्फ काढायला ट्रॅक्टर लावते, खडी टाकते. भाड्यानं राहत असाल तर ही वर्गणी घरमालक देतो की तुम्ही, ते करारात लिहून घ्या. टपालपेटी पण दारात नसते, कोपऱ्यावर सगळ्यांच्या ओळीनं असतात.

गाडीशिवाय नाही

बस आहे, पण ती शाळेच्या वेळा बघून धावते. शनिवार-रविवारी, उन्हाळ्याच्या सुट्टीत हाल होतात. भारतीय लायसन्सवर इथं किती काळ चालवता येतं आणि मग बदलून घ्यायला काय लागतं ते वाहतूक खात्याकडे आल्याआल्याच विचारा, मुदत असते आणि ती गुपचूप संपते.

हिवाळ्याचे टायर नोव्हेंबर ते मार्च, हवा आणि रस्ता तसा असेल तर सक्तीचे. इथल्या रस्त्यांवर खिळ्यांचेच घ्या असं माझं मत, शहरातले लोक काही म्हणोत. मग इंजिन हीटर. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसमोर एक बुटका खांब दिसेल, त्यात झाकण, झाकणाच्या आत प्लग आणि गोल टायमर. गाडीच्या पुढच्या बाजूला एक सॉकेट असतं, तिथून केबल लावून खांबाला जोडायची आणि टायमर असा फिरवायचा की निघायच्या तास-दोन तास आधी करंट सुरू होईल. सकाळी इंजिन आधीच कोमट असतं, काचेवरचा बर्फ पण लवकर सुटतो. निघताना केबल काढायची राहिली की खांब किंवा बंपर, दोघांपैकी एक जातो. केबल काढलीत तरी खांबाला लटकत ठेवायची नाही, करंट चालू असतो, पोरं फिरत असतात, गुंडाळून गाडीत टाका.

शरद ऋतूत संध्याकाळी आणि पहाटे एल्क रस्त्यावर येतात. घोड्याएवढं जनावर, पाय लांब, धडकलं की थेट काचेवर. एक दिसलं की मागं अजून असणार हे धरूनच चाला. धडक झालीच तर जनावर पळून गेलं तरी ११२ ला कळवायचं. पायी चालताना रिफ्लेक्टर लावा, अंधारात तो लावणं कायद्यानंच सांगितलंय, आणि डिसेंबरात इथं दिवस जेमतेम पाच तासांचा असतो म्हणजे अंधार कायमच. ज्यांचं घर बेरयो बेटावर आहे त्यांना पिवळी फेरीबोट असते, फुकट आहे, रस्त्याचाच भाग धरतात.

पोरांची शाळा

पाळणाघराची जागा काही महिने आधी मागावी लागते, ते पहिल्या आठवड्यातच करा. सहाव्या वर्षी प्रीस्कूल सक्तीचं, सातव्या वर्षी पहिली. शाळेत जेवण सगळ्यांना फुकट, १९४८ पासून कायद्यानंच. शाकाहारी असाल तर आधी लिहून द्या, आणि अंडं, मासा चालतो की नाही ते पण स्पष्ट लिहा, कारण इथं शाकाहारी म्हणजे काय याच्या प्रत्येकाच्या डोक्यात वेगळ्या कल्पना असतात. शाळा पाच किलोमीटरपेक्षा लांब असेल तर नेण्या-आणण्याची सोय म्युनिसिपाल्टी करते, पहिलीतलं पोरगं एकटं टॅक्सीत बसून जाताना बघून आपल्या आयांच्या पोटात गोळा येतो, पण दोन आठवड्यांत सवय होते.

स्वीडिश शाळेत फिनिश शिकवतातच, तेव्हा पोरगं स्वीडिश शाळेत घातलं म्हणून फिनिशला मुकलं असं होत नाही. उलट फिनिश शाळा हवी असेल तर ती कुठं आहे, गाडी तिथवर जाते का, हे घर पक्कं करायच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि घरात मराठीच बोला. तोडकंमोडकं स्वीडिश पोरांशी घरी बोलणारे आईबाप बघितलेत, त्यानं पोराचं स्वीडिश सुधारत नाही आणि आजीशी बोलणं मात्र बंद होतं.

दवाखाना

२०२३ पासून दवाखाने म्युनिसिपाल्टीकडे नाहीत, ऑस्टरबॉटनच्या प्रांतीय आरोग्य व्यवस्थेकडे आहेत. थेट जाऊन बसायचं नाही, आधी फोन, मशीन तुमचा नंबर घेतं, नर्स परत फोन करते. रात्री-बेरात्री काही झालं आणि जिवावरचं नसेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. मोठं हॉस्पिटल वासात. नर्स ताप आलेल्या पोराला बघितल्याशिवाय घरीच पाणी पाजा, झोपू द्या म्हणते तेव्हा आपल्याला वाटतं टाळतायत. तशी पद्धतच आहे. पण खरंच काळजी वाटत असेल तर लक्षणं आकड्यांत सांगा, ताप किती, कधीपासून, पाणी किती प्यायलं, लघवी कधी झाली, मग फोनवरचा सूर बदलतो.

गावात शिरायचं कसं

इथं कोणी तुमच्या घरी ‘चहाला आलो’ म्हणून येणार नाही आणि तुम्ही पण न कळवता जाऊ नका. गाव चालतं संस्थांवर. युवक मंडळाचा हॉल, स्पोर्ट्स क्लब, मार्था नावाची बायकांची संस्था, स्वयंसेवकांची अग्निशमन तुकडी. पोरगं फुटबॉल किंवा स्कीला घातलंत की पालक म्हणून तुमचं नाव आपोआप कुठल्यातरी यादीत येतं, सामन्याला कॉफी विकायची, वॅफल भाजायचे, आणि ओळखी तिथं होतात.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे तालको. म्हणजे एखादं सामाईक काम सगळ्यांनी मिळून फुकट करायचं. एप्रिल-मे मध्ये नोटीस लागते, अमुक शनिवारी हॉलच्या आवारात तालको, दाताळं आणि हातमोजे आपापले आणा. दहा म्हटलंय तर दहाला जा, दहा-पंधराला नाही. गेलात की कोणी स्वागत वगैरे करत नाही, एकजण नुसतं बोट दाखवतो, ती पानं तिकडं. तुम्ही पानं ओढायला लागायचं. शेजारचा माणूस तासभर गप्प असतो. मग कोणीतरी थर्मास उघडतं, कॉफी, बन, सॉसेज भाजायला घेतात, आणि तोच गप्प माणूस विचारतो, पिवळ्या घरात राहायला आलेले तुम्हीच ना? त्याला सगळं माहीत असतं. तुमच्या गाडीची केबल कुठं ठेवता ते पण. शाकाहारी असाल तर एक डबा घेऊन जा, चकली-शंकरपाळे फार खपतात, तिखट कमी करा. पुढच्या वेळी बर्फात गाडी अडकली की ट्रॅक्टर घेऊन येतो तो हाच माणूस.

सणांचं पण बघून ठेवा. ईस्टरच्या शनिवारी रात्री या भागात गावोगावी मोठ्या आगी पेटवतात, सगळं गाव गोळा होतं, जरूर जा. ६ नोव्हेंबरला झेंडे दिसतात तो स्वीडिश दिवस, ६ डिसेंबर स्वातंत्र्यदिन, खिडकीत मेणबत्त्या, १३ डिसेंबरला लुसिया हा दिव्यांचा सण. जंगलात बेरी, मशरूम तोडायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त कोणाच्या अंगणात घुसायचं नाही. बेरीचं लोणचं घालून बघा, लिंगनबेरी आंबट असते, मोहरी-हिंगात बरी लागते. गवतातून आल्यावर पोरांच्या पायांवर गोचीड तपासा, किनाऱ्याला असतात.

डाळी, पीठ, मसाले वासातल्या आशियाई दुकानांत मिळतात, महिन्यातून एक फेरी पुरते. टोमॅटो नेर्पेसचे घ्या, काचेच्या घरांत वर्षभर पिकतात. मालाक्सची काळसर गोडसर पाव-लादी एकदा खाऊन बघा, काहींना अजिबात आवडत नाही, मला लोण्याबरोबर आवडते.

आणि मतदान

फिनलंडमध्ये सलग दोन वर्षं राहिलात की नागरिक नसतानाही म्युनिसिपाल्टीच्या निवडणुकीत मत देता येतं. मागची एप्रिल २०२५ मध्ये झाली, पुढची २०२९ ला. इतक्या छोट्या म्युनिसिपाल्टीत नगरसेवक थोड्याथोडक्या मतांनी निवडून येतात, त्यामुळे शाळा बंद करायची की ठेवायची, फिरतं वाचनालय कुठवर न्यायचं अशा भांडणांत चार घरांच्या मतांनी पण फरक पडतो. कौन्सिलच्या बैठका उघड्या असतात, जाऊन मागं बसता येतं. उमेदवार बहुतेक तालकोमध्ये भेटलेलेच असतात, प्रश्न तिथंच विचारा, तुमचं स्वीडिश अडखळलं तरी ऐकून घेतात.